पाकीट परत आलं, ताक बंद झालं

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, पिंपरीत बावीस वर्षं काढून गेल्या दिवाळीनंतर आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि गावी आलो. मोहोळ तालुका. मिस्टरांची कंपनी बंद झाली, सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) इथं एकट्या होत्या, आणि चार एकर रान आहे. शेजारी एक आक्का राहतात. साठी नुकतीच ओलांडलेली, मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा-सून आहेत, दीड एकर जिरायत आहे, बाकी रोजंदारी. आम्ही आल्यापासून आक्कांकडून दिवसाआड ताकाची चरवी यायची. आम्ही बाहेर असताना नळाला पाणी सुटलं तर आमची टाकी त्याच भरून ठेवायच्या. रात्रीची लाईट असली की त्यांचा मुलगा आमची मोटार चालू करून यायचा.

भाद्रपदात आम्ही मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी पुण्याला होतो. आत्या मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आक्कांनी गावातली जीप सांगून त्यांना सोलापूरला सिव्हिलमध्ये नेलं, आम्ही पोचेपर्यंत थांबल्या आणि पुढंही दोन रात्री आमच्याबरोबर काढल्या. आत्यांना घरी आणल्यावर मी पाकिटात दोन हजार रुपये घालून आक्कांच्या दारात गेले. त्यांची सून भांडी घासत होती. पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "तुमचे रोज बुडाले, हे घ्या, आम्हाला बरं वाटेल." आक्का म्हणाल्या, "राहू दे की गं." मी आग्रह केला. दुसऱ्या दिवशी मुलगा पाकीट परत देऊन गेला. तेव्हापासून ताक बंद. भेटल्या की "बरंय का?" एवढंच. आत्या माझ्यावर नाराज आहेत. मिस्टर म्हणतात, "बरं झालं. गावात उपकाराची किंमत पुढं कधीतरी मोजावीच लागते."

माझं काय चुकलं? मिटवू कसं? आणि खरं सांगू का, आक्का न विचारता थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, त्याचा मला त्रासही व्हायचा. असं वाटणं वाईट आहे का?

– एक सूनबाई

उत्तर

सूनबाई,

पैसे द्यावेसे वाटले यात काही वावगं नाही. कुणासमोर दिलेत आणि देताना काय म्हणालात, तिथं गाडी अडली. "हे घ्या, आम्हाला बरं वाटेल." हे वाक्य एकदा आक्कांच्या कानांनी ऐका. त्यांनी दोन रात्री दवाखान्यात जागून काढल्या, आणि तुम्ही त्यांच्या दारात गेलात ते स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला. तेही सून समोर भांडी घासत असताना. सुनेदेखत सासूच्या हातात पैशाचं पाकीट पडलं की संध्याकाळपर्यंत त्या घरात काय काय बोलणं निघेल, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीही कुणाच्या सून आहात. "राहू दे की गं" म्हटल्यावर थांबला असतात तरी सगळं हसण्यावारी गेलं असतं. जेवायला बसलेल्याला आग्रह केला तर चालतो. हा आग्रह चालत नाही.

पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. आक्का सोलापूरला कुणासाठी गेल्या? तुम्हाला गावात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या गेल्या तुमच्या सासूबाईंसाठी. "आत्या माझ्यावर नाराज आहेत" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, माझ्या दृष्टीनं पत्रातलं मुख्य वाक्य तेच. दोन घरांची भिंत एक, दोघींची सगळी हयात त्या भिंतीच्या अलीकडं-पलीकडं गेलेली. देण्याघेण्याचं जे काही खातं आहे ते त्या दोघींचं आहे. तुम्ही ते दोन हजारांत मिटवायला निघालात, आणि ते तुमच्या नावावर कधी नव्हतंच.

म्हणून पहिलं काम हे. आज संध्याकाळी आत्यांच्या खाटेजवळ बसा आणि विचारा, "आत्या, तुमचं न् आक्कांचं पहिल्यापासून कसं काय?" पाकिटाचा विषय काढू नका. त्या बोलायला लागल्या की मध्ये तोंड घालू नका. अशा दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून काय निघतं ते मी बऱ्याच घरांत ऐकलंय. कुणाच्या बाळंतपणात कुणी रात्री जागवल्या. कोणत्या उन्हाळ्यात कुणाच्या म्हशीला कुणाच्या गंजीतल्या कडब्याच्या पेंढ्या गेल्या. पोरगी बघायला पाहुणे आले तेव्हा कपबशा कुणाच्या होत्या, बैठकीवर टाकलेली सोलापुरी चादर कुणाची होती. घरातला कर्ता पुरुष गेला आणि चूल पेटली नाही, तेव्हा पिठलं-भाकरी कुठल्या घरातून आली. तुमच्या घरी यातलं जे निघेल ते नीट ऐका. आक्कांचं ताक नेमकं कशाच्या बदल्यात येत होतं, किंवा कशाच्याच बदल्यात नव्हतं, ते त्यातून कळेल.

शहरात बावीस वर्षं राहिल्यावर हे विसरायला होतं, त्यात तुमचा दोष नाही. सोसायटीत वॉचमनला पगार, लिफ्टला मेंटेनन्स, पाण्याला टँकरचं बिल. ज्याचं त्याला दिलं की झालं. ती पद्धत स्वच्छ असते आणि मला ती आवडतेही. गावातही रोखीचा व्यवहार भरपूर आहे, पण शेजारणीशी तसा नसतो. पिठाची वाटी उसनी नेली तर परत देताना शिगोशीग भरून द्यायची, म्हणजे ती थोडीशी जास्तच जाते. मग पुढच्या वेळी समोरची थोडी जास्त देते. हिशेब कधीच बरोबरीला येत नाही आणि येऊ नये अशीच त्यातली सोय आहे. नेलेली वाटी तासाभरात तशीच्या तशी परत आली तर बायका म्हणतात, "एवढी काय घाई होती?" त्यांना वाटी परत आल्याचं वाईट वाटत नाही. हिला आपलं काही अंगावर ठेवायचं नाही, हे त्यांना कळतं.

आपल्या जिल्ह्यात तर ही सोय हौसेची नव्हती. एका वर्षी पाऊस दडी मारतो, दुसऱ्या वर्षी तोच घरात शिरतो. १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायला जायच्या तेव्हा पाळण्यातलं लेकरू शेजारच्या म्हातारीकडं असायचं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडच्या नदीकाठच्या गावांत घरांत पाणी घुसलं, माणसं बाहेर काढावी लागली. तुमच्या तालुक्यात ती आठवण अजून ओली असेल. अशा रात्री कुणी येण्याआधी दार वाजवतो तो शेजारीच, आणि गोठ्यातल्या जनावराचं दावं आधी सोड हेही तोच ओरडून सांगतो.

रानातही हेच होतं. सावडीनं काम करायचं म्हणजे आज चार घरच्या बाया तुमच्या ज्वारीत, उद्या त्याच चौघी दुसरीच्या. दिवसाला दिवस, पैशाचं नाव नाही. ज्याची नांगरट मागं पडली तो इर्जिक घालायचा, गावातले बैल-औतं त्याच्या रानात उतरायची, हलगी वाजायची आणि संध्याकाळी रानमालकाकडं सगळ्यांना जेवण. आता ट्रॅक्टर तासावर मिळतो, त्यामुळं इर्जिक गेल्यातच जमा आहे, आणि बैल पाळायचे कष्ट वाचले म्हणून मला त्याचं फार दुःखही नाही. सावड मात्र काढणीला अजून कुठं कुठं टिकून आहे, कारण ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत.

आता तुमची बाजू घेते, कारण तुमच्या मनात आलेली गोष्ट अगदीच चूक नाही. आक्का रोजंदारीवर जाणाऱ्या. दोन रोज बुडणं म्हणजे त्या घरात काय असतं ते तुम्ही ओळखलंत, अनेकांना तेवढंही सुचत नाही. गावातल्या मायेच्या गोष्टी सांगताना आपण एक भाग सोयीनं गाळतो. मोठ्या वाड्यात धुणं-सारवण फुकट करून घ्यायचं आणि वर "आपलीच माणसं आहेत" म्हणायचं, बदल्यात जुनं लुगडं आणि शिळी भाकरी द्यायची, ही वेठ होती. ज्यांच्या आज्यांनी ती केली त्यांना "शेजारधर्म" हा शब्द ऐकून गहिवर येत नाही, आणि का यावा? ज्यांचं पारडं जड आहे त्यांनी घेताना जास्त सावध असलंच पाहिजे. चार एकर बागायत आणि दीड एकर जिरायत यांत फरक आहे.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, पदरमोड. जीपचं भाडं, दवाखान्यातला चहा-नाश्ता, औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी आधी भरलेले पैसे. हे रुपयाला रुपया आणि लगेच द्यायचं असतं. त्यात कुणालाच अपमान वाटत नाही, उलट दिलं नाही तर मनात राहतं. दुसरी गोष्ट, त्यांच्या दोन रात्री. त्यांना दर लावू नका. त्या तुमच्याही कधीतरी जातील, त्यांच्या घरात कुणाला सलाईन लागेल तेव्हा.

आणि तिसरीही एक आहे, जी तुमच्यापुढं लवकरच उभी राहणार. खुबा मोडलेल्या माणसाला काही महिने दुसऱ्याचा हात लागतो. उठवायला, मोरीत न्यायला, अंग पुसायला. तुम्हाला रोजच्या रोज दोन-चार तास कुणाची मदत लागणार असेल तर ते काम आहे. त्याला माणूस लावा, पगार आधी ठरवा आणि महिन्याच्या महिन्याला द्या. आक्कांच्या सुनेला ते काम हवं असेल तर तिला विचारायलाही हरकत नाही, मात्र तिच्याशी स्वतंत्र बोला, रोजंदारीला जे पडतं त्याहून कमी देऊ नका, आणि "आपल्याच आहात" हे शब्द पगाराच्या बोलण्यात येऊ देऊ नका. पण हे सगळं रुसवा गेल्यावर. आत्ता गेलात तर पाकिटाचाच दुसरा हप्ता वाटेल.

रुसवा काढायचा कसा? माफीचं भाषण घेऊन जाऊ नका. साडीही नेऊ नका, पुण्याची बाकरवडी तर मुळीच नको. काहीतरी मागायला जा.

सकाळी जा आणि विरजण मागा. "आक्का, माझं दही लागेना झालंय, चमचाभर विरजण द्या की." तिन्हीसांजेला जाऊ नका, त्या वेळी दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत. नाही म्हणावं लागलं तर त्यांनाही अवघडल्यासारखं होईल आणि तुम्हाला वाटेल अजून रागच आहे. विरजण एवढं लहान असतं की ते देताना कुणाला मोठेपणा मिळत नाही, आणि नाकारायला कारणही सापडत नाही. हातात वाटी घेऊन उभ्या आहात तेवढ्यात पाकिटाचं एका वाक्यात बोला. "त्या दिवशी मी येड्यासारखं केलं आक्का, मनावर घेऊ नका." बस. त्यांनी "काय नाही गं" म्हटलं की विषय वाढवू नका, तुमचं वाईट वाटणं त्यांना समजावून सांगत बसू नका. निघताना एवढं सांगा की आत्या तुमची वाट बघतात. हे खरं असणार. खाटेवर पडलेल्या बाईला सुनेशी बोलण्यासारखं फारसं नसतं, तिला तिच्या वयाचं माणूस हवं असतं. आक्का आल्या की दोघींना चहा द्या आणि तिथून उठून जा. तुमच्याबद्दल बोलतील. बोलू द्या.

ताक पुन्हा सुरू झालं तर चरवी रिकामी परत पाठवायची नाही हे तुम्हाला आत्यांनी सांगितलंच असेल. तिच्यात विकतचं काही घालू नका. घरात जे असेल ते. चार वांगी, मूठभर शेंगा, कुटलेली शेंगाची चटणी, कढीपत्त्याची डहाळी. आणि प्रत्येक वेळी त्याच दिवशी नको. कधी दोन दिवस चरवी तुमच्याकडं राहिली तर बिघडत नाही, ती मागायला आक्काच आठवणीनं येतील.

तुमच्याकडं देण्यासारखं काय आहे, याचा विचार तुम्ही पत्रात केलेला दिसत नाही. तुम्हाला मोबाईल, कागद आणि इंग्रजीतला मेसेज वाचता येतो. गावात आज याची टंचाई आहे. रब्बीची ई-पीक पाहणी करायची तर ॲप घेऊन प्रत्यक्ष रानात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि पुढं नुकसानभरपाईच्या वेळी दारोदार फिरायची पाळी येते. आक्कांचा मुलगा तुमची मोटार चालू करायला जातो तेव्हा एकदा त्याच्याबरोबर त्याच्या दीड एकरात जा आणि ते करून द्या. लाडकी बहीणची ई-केवायसी, पीएम किसानचा हप्ता का थांबला ते बघणं, आक्का संजय गांधी निराधारमध्ये असतील तर हयातीचा दाखला, सिव्हिलला पुन्हा जायचं झालं तर केसपेपरची रांग. याला पैसे पडत नाहीत, पण सेतू केंद्रावरचे चार हेलपाटे वाचतात. एकच पथ्य पाळा. ओटीपी, आधार, पासबुक त्यांच्यासमोरच बघा आणि त्यांच्याच हातात परत द्या. फोटो काढून स्वतःकडं ठेवू नका. चांगल्या मनानं ठेवलेला कागदसुद्धा उद्या संशयाचं कारण होतो.

आता हंगामाचं सांगते. मार्गशीर्ष लागेल, ज्वारी निसवून हुरड्याला येईल. हल्ली हुरडा पार्टीचं तिकीट असतं, माणशी दर, वर रानातल्या खाटेवर फोटो. त्यांच्या धंद्याला माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या रानात ज्वारी असेल (आणि मोहोळमध्ये ती नसावी हे शोभत नाही, मालदांडी ३५-१ हे वाण तुमच्या मोहोळच्या शेती संशोधन केंद्रातलंच) तर पहिली आगटी पेटेल तेव्हा आक्कांचं घर सगळं बोलवा. सुनेला आवर्जून. त्या दिवशी पाकीट तिनंही पाहिलं होतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी आपल्या रानात जेवायला नेतं, आंबील आणि भज्जी एकाच पंगतीत. तुमच्या गावात ती चाल नसली तरी रानात बोलावून जेवू घालायला पंचांग लागत नाही.

संक्रांतीचं मात्र जरा जपून. तुम्ही हळदीकुंकू कराल, वाण द्याल, आणि आक्कांना बोलावणार नाही, कारण मालक गेलेत आणि गावात तशी रीत आहे. हा विषय तुम्ही पत्रात काढलेला नाही, मीच काढतेय. ज्या बाईनं तुमच्या सासूला उचलून जीपमध्ये घातलं तिला वगळून बाकी आळीला तिळगूळ वाटणार असाल, तर विरजणानं जोडलेलं तिथं पुन्हा फुटेल, आणि यावेळी त्या काही बोलणारही नाहीत. विधवा प्रथेविरुद्धचं काम आपल्याच जिल्ह्यातून, करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी उभं केलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं तसा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं. तुम्ही ठराव वगैरे करायची गरज नाही. आधी आक्कांना एकटीला विचारा, "संक्रांतीला या, मला बरं वाटेल" (हे वाक्य इथं चालतं). त्यांना चारचौघींत कुंकू लावून घ्यायचं नसेल तर जबरदस्ती करू नका, हट्टानं केलेला सन्मान म्हणजे आणखी एक पाकीट. वाण आणि तिळगूळ द्या, आणि त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखं आत्यांच्या शेजारी बसवा.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गावात उपकार खरोखर वसूल केले जातात. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की "तुमच्या म्हातारीला दवाखान्यात कुणी नेलं होतं?" असं चावडीवर बोलणारे असतात, विकास सोसायटीच्या मतदानालाही असतात. पण त्यांची खूण अशी की ते आधी चार लोकांत बोलून दाखवतात आणि मग करतात. आक्कांनी स्वतः रोज बुडवला आणि वर पाकीट परत पाठवलं. वसूल करणारा माणूस एवढा महागात जात नाही. मिस्टरांना हे सांगून बघा. शिवाय हेही सांगा की मत ज्याला द्यायचं त्याला द्यावं, आणि उद्या बांधावरून काही निघालंच तर सरकारी मोजणी आणावी. ताक पितो म्हणून बांध सोडायचा नाही, आणि बांधाचं भांडण झालं म्हणून ताकाचा उद्धार करायचा नाही. दोन्ही एकाच वेळी चालवणारी घरं मी पाहिलीत. मोजणीदाराला दोन्ही घरांतून चहा गेलेला पाहिलाय.

एक मात्र मिस्टरांनी स्वतः करावं. आक्कांचा मुलगा रात्री-अपरात्री तुमची मोटार चालू करायला अंधारातून जातो, पायाखाली साप-विंचू असतात, स्टार्टरला ओल असते. आठवड्यातल्या काही रात्री मिस्टरांनी मोटारीची पाळी स्वतः घ्यावी. निदान एक चांगली बॅटरी आणि गमबूट घेऊन ते मोटारीच्या खोलीत ठेवावेत. "ठेवलेत तिथं, दोघांनाही होतील" एवढंच म्हणावं.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. त्रास होतो हे वाटणं अजिबात वाईट नाही. तुम्ही अंगावरच्या गाऊनमध्ये, केस मोकळे, डोकं दुखतंय, आणि दारात आक्का. कुणालाही नको होईल. फक्त हे लक्षात घ्या की त्या स्वयंपाकघरात त्या तुमच्या कितीतरी आधीपासून येताहेत. नवं माणूस तिथं तुम्ही आहात. त्यामुळं "विचारून येत जा" हे वाक्य तोंडातून काढू नका, त्याचा अर्थ फार मोठा होईल. त्यापेक्षा तुम्हीच बाहेर निघा. दुपारचं उरकलं की पाच वाजता चहा घेऊन सोप्यात किंवा कट्ट्यावर बसा, निवडायची मेथी घेऊन बसा. रोज दिसणाऱ्या बाईला शोधायला आत कुणी येत नाही. दुपारी आडवं व्हायचं असेल तर दाराला कडी लावा आणि आत्यांना सांगा की सूनबाई झोपलीय म्हणून सांगत जा. त्यांच्या तोंडून ते सहज जाईल. आणि घरातल्या पैशाच्या, मुलीच्या, मिस्टरांच्या नोकरीच्या गोष्टी सांगायच्या की नाही ते तुमच्या हातात आहे. ताक घेतलं म्हणून सगळं सांगावं लागतं असं नाही. विचारलं तर "बघू आता काय होतंय" म्हणा. गावात हे उत्तर कुणी खोदत नाही.

हे सगळं करूनही आक्का महिनाभर "बरंय का?" वरच थांबल्या तर घाबरू नका. अशा बायकांचा राग हळूच येतो आणि हळूच जातो. तोवर तुम्ही पाणी सुटलं की त्यांच्या घरी हाक मारत जा, त्या रानात असल्या तर त्यांच्या घागरी भरून ठेवा, आणि केल्याचं सांगू नका. त्यांना कळतंच.

पाकिटातल्या दोन हजारांचं काय, असं पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून खोडलेलं दिसलं. सांगते. जीपवाल्याला गाठा आणि त्या दिवसाचं भाडं किती झालं, कुणी दिलं ते विचारा. आक्कांच्या मुलानं दिलं असेल तर नेमकी तेवढीच रक्कम, पाकीट न करता, त्याच्याच हातात द्या आणि म्हणा, "जीपचे राहिले होते." तो घेईल. अजून कुणीच दिलं नसेल तर जीपवाल्याला देऊन टाका. उरलेले घरखर्चाला घ्या. आणि १०८ हा नंबर आत्यांच्या आणि आक्कांच्या, दोघींच्या फोनमध्ये लावून द्या. ही रुग्णवाहिका फुकट असते, २०१४ पासून आहे, आणि पुढच्या वेळी जीप शोधायला कुणाला पळावं लागणार नाही.